सुतकातली कढई

मी कढई. जेतपूरच्या दरबारगढ रस्त्यावर, रायचुरांच्या गाठियाच्या दुकानात, भट्टीवर बसून माझा जन्म गेला. दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला सवय आहे, ते आधीच सांगून टाकते. भट्टी रस्त्याच्या तोंडाशी आणि घर पाठीला लागून. पुढून गाव दिसतं, मागून संसार ऐकू येतो. अशा जागी बसून ज्याला काही कळत नाही तो एक तर बहिरा असावा, नाही तर फार सज्जन. माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

माझं माहेर लोहाराचं. कुठल्याशा मोडीत निघालेल्या इंजिनाचा पत्रा कानजी लुहाराकडे आला होता. त्यातून त्याने एक तुकडा कापला, ठोकून ठोकून त्याला पोट दिलं, दोन बाजूंना दोन कान लावले आणि मला दुकानाबाहेर उन्हात टाकून ठेवलं. लग्नकार्याचे आचारी यायचे, टिचकी मारून बघायचे आणि जड म्हणून नाक मुरडून जायचे. एक दिवस एक काटकुळा पोरगा आला. त्याने टिचकी मारली नाही. वाकून माझ्यात डोकं घातलं आणि हळूच "हं" म्हणाला. तो "हं" माझ्यात घुमला. त्याला आवडला असावा, कारण तो हसला आणि मला खांद्यावर घेऊन निघाला. हे वजुभाई रायचुरा. तेव्हा त्यांना कुणी भाई म्हणत नव्हतं. वज्या म्हणत.

सुरुवातीला आम्ही हातगाडीवर होतो. भादर नदीच्या पात्रात छापलेल्या साड्या धुवायच्या आणि वाळत घालायच्या, ते काम करणारी माणसं सकाळी भुकेजून वर यायची. कुणाचे हात लाल, कुणाचे हिरवे, कोपरापर्यंत. त्या रंगीत हातांनी ती गरम गाठिया खायची, वर तळलेली मिरची, कच्च्या पपईच्या किसाचा परतलेला संभारो. वजुभाई बोलत फार नसत. पहिल्या घाण्यातला एक गाठिया विस्तवाला द्यायचा, एक कुत्र्याला, आणि मग तोंड उघडायचं, ते बहुधा कुणाला तरी झापायलाच. "पुढे सरका, काका, पोट तुमचं एकट्याचंच नाही." लोक शिव्या खाऊन खूश व्हायचे. आमच्या सौराष्ट्रात सकाळी गाठिया आणि दोन टोमणे मिळाले की दिवस बरा जातो.

गाडीचं दुकान झालं, दुकानामागे घर झालं, घरात मुक्ताबेन आल्या. त्या खेड्यातल्या. माहेरी सकाळी बाजरीचा रोटला आणि ताक. गाठियाच्या वासाने त्यांना मळमळायचं. लग्नाला आठवडा झाला नसेल, त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं, की तुमच्या अंगाला तेलाचा वास येतो. वजुभाईंना हे फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान आवरलं की ते मोरीत बसून अंगाला चण्याचं पीठ चोळायचे, तेच गाठिया-फाफड्याचं पीठ. वास गेला नाहीच, उलट वाढला. पुढे मुक्ताबेनना त्याची सवय झाली. एकदा ते जामनगरला लग्नाला गेले तेव्हा त्या मोलकरणीला म्हणताना मी ऐकलं, की घरात काहीतरी विझल्यासारखं वाटतंय.

घरधनी म्हणून ते कसे होते, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बरे होते. बायकोला कधी बागेत नेलं नाही. तिला पुष्कळ दिवसांपासून द्वारकेला जायचं होतं, तेव्हा एकदा घेऊन गेले. तिथला सकाळचा गाठिया तोंडात घातला, नाक मुरडलं आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये बसले. घरी आल्यावर मुक्ताबेन एवढंच म्हणाल्या, की देवाने तरी बिचाऱ्याने कुठे जावं, तो तिथेच राहतो, तेच खातो. यावर वजुभाई महिनाभर हसत होते, भट्टीवर बसल्या बसल्या, एकटेच.

मुलगा एक, धीरेन. त्याला लहानपणी पीठ मळायला बसवायचे. पापडखार किती, ओवा किती, पिठाला पाणी केव्हा पुरे म्हणतं, सगळं त्याला येत होतं. मग तो शिकला, सुरतेला कापडाच्या बाजारात नोकरीला लागला, लग्न झालं, नवव्या मजल्यावर घर घेतलं. वजुभाईंनी त्याला थांब म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. तो गेल्यावर मगन नावाचा कारागीर ठेवला. मगन फाफडे करायचा, वजुभाई तळायचे, आणि आतल्या जाळीच्या दारामागे मुक्ताबेन पपई किसायच्या, चटणीची कढी ढवळायच्या. जाळीतून दिवसभर बोलणं चालायचं. गावात कुणाचं काय झालं ते वजुभाई बाहेरून सांगायचे, त्याचं काय करायला हवं होतं ते मुक्ताबेन आतून सांगायच्या. इतक्या वर्षांत मुक्ताबेन त्या दारातून दुकानात आल्या नाहीत. बाजारच्या भट्टीवर बाई बसत नसते. नव्या संसाराच्या दिवसांत एकदा वजुभाईंना ताप आला होता तेव्हा त्यांनी घरच्या अंगणात गाठिया वळून दिला होता, बस तेवढंच.

वजुभाई गेले ते पहिल्या नोरत्याला, म्हणजे नवरात्र बसलं त्या दिवशी. दुपारी गाव झोपतं तसे तेही झोपले. चारला सगळे उठले, हे उठले नाहीत. मुक्ताबेननी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

आता आमच्याकडचं एक सांगते. ज्या घरात सुतक असतं तिथे कढई चढत नाही. भाजी शिजते, खिचडी शिजते, पण तळण नाही. घरातल्या छोट्या कढया फडताळात गेल्या. मला मात्र दोघा माणसांनी भट्टीवरून उतरवलं, राखेने घासलं आणि परसात भिंतीला टेकवून पालथं घातलं. मी कढईच, मला रडू येत नाही. तेल सुटलं की अंग हलकं लागतं, एवढंच. आणि पालथ्या कढईत आवाज घुमतो, त्यामुळे ऐकू मात्र दुप्पट येत होतं. त्या दिवसांत जे दिसलं नाही ते पुढे गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं, तेही सांगते.

वजुभाईंची मोठी बहीण रळियातबेन उपलेट्याहून आली. ती नव्वदीला टेकलेली, पण शिस्तीची. आल्या आल्या तिने मुक्ताबेनना आतल्या खोलीत कोपऱ्यात बसवलं. नवरा गेला की बाईने कोपरा धरायचा, ही जुनी रीत. हल्ली कुणी फार पाळत नाही, पण रळियातबेनसमोर हल्लीचं काही चालत नसे. सव्वा महिना मुक्ताने उंबरा ओलांडायचा नाही, असं तिने सांगितलं. मुक्ताबेन बसल्या. चौकातल्या गरब्याची पोरं विचारायला आली, की कर्णे बंद ठेवू का. मुक्ताबेननी कोपऱ्यातूनच निरोप पाठवला की नाचा, फक्त कर्ण्याचं तोंड पलीकडे करा.

धीरेन सुरतेहून आला होता, क्रियाकर्म करत होता. वाईट मुलगा नाही तो. आईला एकटं कसं ठेवायचं, हा त्याचा प्रश्न खराच होता. मगन कारागिराला समोरच्या नव्या फरसाणवाल्याने बोलावून घेतलं, नवरात्रात हात रिकामा कोण ठेवतो. मोबाइलवाला एक माणूस दुकानाची जागा बघून गेला. धीरेनने आईजवळ बसून हळू आवाजात सांगितलं, "बा, आता दुकान चालवणार कोण? दसऱ्याला बंद राहिलं की गिऱ्हाईक समोरच्याकडे वळेल, ते परत येत नसतं. सव्वा महिना झाला की तू माझ्याबरोबर सुरतेला चल. नवव्या मजल्यावर हवा छान असते."

तो गेल्यावर मुक्ताबेन रळियातबेनना म्हणाल्या, "बेन, त्या मजल्यावर मी एकदा राहून आलेय. खाली बघितलं तर माणसं दिसतात, ओळखू कुणी येत नाही. मला इथून न्यायचं असेल तर तशीच न्या, त्यांना नेलं तशी."

रळियातबेनने त्यांना गप्प केलं. कोपऱ्यात बसून असं अशुभ बोलू नये म्हणाली. पण मला कळलं ते कळलं. दसऱ्याला मी चढले नाही तर मुक्ताबेनचं जेतपूर सुटलं.

दसरा आमच्याकडे काय असतो, ते तुम्हांला ठाऊक असेल. त्या दिवशी अख्खा गुजरात फाफडा आणि जिलबी खातो. जिलबी गल्लीतल्या कंदोयाची, म्हणजे हलवायाची, फाफडा रायचुरांचा. रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून लोक आधीच आपापले डबे आणून ठेवतात. नवरात्र बसायच्या आधीपासूनच डबे यायला लागले होते. आणि वजुभाई गेले तेव्हा दुकानातली फळी गावाच्या डब्यांनी भरलेली होती. स्टीलचे, पितळेचे, एक तर चक्क दुधाची बरणी.

तिसऱ्या दिवशी बेसणं होतं, म्हणजे गावाने सांत्वनाला येऊन बसायचं. पांढऱ्या चादरी अंथरल्या, वजुभाईंच्या फोटोला हार घातला, फोटोतही ते कुणाला तरी झापायच्या बेतात दिसत होते. गाव लोटलं. साड्यांच्या छापखान्यातली माणसं आली, ती हात धुऊन आली होती तरी नखं निळी होती. लोक येत, हात जोडत, खाली बसत, जमिनीकडे बघत. मग मान उचलताना नजर हळूच फळीवर जायची. आपला डबा तिथे आहे ना, तो बघायचा आणि पुन्हा जमिनीकडे. निघताना गोरधन पटेल धीरेनचा हात हातात धरून बराच वेळ उभे राहिले. फार चांगला माणूस गेला म्हणाले. मग घसा साफ करून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "दसऱ्याचं काय?"

धीरेन भडकलाच. बाप गेलाय आणि यांना फाफडे सुचतात, असं तो आत येऊन म्हणाला. मला काही वावगं वाटलं नाही. माणसाला भूक लागलेली असली तरी दुःख खरं असू शकतं. मी तर बरीच दुःखं बघितली, बहुतेकांना मध्ये चहा लागतो.

रळियातबेनने ठरवलं, की डबे परत करायचे. ती म्हणाली, सुतकाच्या घरचं कोण खाईल, उगाच लोकांना अडकवून ठेवू नये. रिकामा डबा कुणाला परत करू नये, असं मुक्ताबेन कोपऱ्यातून म्हणाल्या. तर आमच्या घरचा दाणासुद्धा आता त्यात घालता येत नाही, असं रळियातबेनने सुनावलं. दोघींचंही बरोबर होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी धीरेनने सगळे डबे रिक्षात भरले, वरून चादर टाकली आणि घरोघर वाटायला निघाला.

इथे घोटाळा झाला. आमच्याकडे डब्यावर नाव कोरलेलं असतं, ते मालकाचं नसतं. देणाऱ्याचं असतं. मामाने भाचीला लग्नात डबा दिला तर त्यावर मामाचं नाव. भाची तो जन्मभर वापरते, मामा कुठल्या कुठे असतो. धीरेनलाही हे ठाऊक होतं, लहानपणापासून तो असेच डबे बघत आला होता. पण बाप गेलेला, झोप नाही, गाव आठवेना. त्याने डबा उलटा केला, नाव वाचलं आणि त्या त्या दारात नेऊन दिला. कुणी घरात नसेल तर उंबऱ्यावर ठेवून पुढे गेला.

गोरधन पटेलनी भाच्याला लग्नात दिलेला डबा गोरधन पटेलांच्या उंबऱ्यावर. त्यांनी तो उघडला, तर रिकामा. नवरात्रात, ऐन सणाच्या आदल्या दिवशी, भाच्याने आहेर परत केला. त्यांनी पायात चप्पल घातली आणि भाच्याच्या घराकडे निघाले. भाचा तेव्हा आपल्या दारात उभा होता. त्याच्या हातात साडूला दिलेला डबा परत आला होता. नीलमबेनला तिच्या धाकट्या जावेला दिलेला डबा परत मिळाला. दोघी जावांचं तसंही बोलणं बंद पडायच्या बेताला आलेलं, त्यांना निमित्तच हवं होतं. दुपारी झोपायच्या वेळेला जेतपूर झोपलं नाही. मी परसात पालथी पडून ऐकत होते. लांबून भांडणाचा आवाज यायचा, मग दुसऱ्या बाजूने यायचा, मग दोन्ही आवाज एकत्र होऊन आमच्याच गल्लीकडे यायला लागले.

चार वाजता दुकानासमोर गर्दी जमली. प्रत्येकाच्या हातात एक डबा आणि प्रत्येकाचं तोंड दुसऱ्याकडे. गोरधन पटेल भाच्याला ओरडून सांगत होते, की तुझ्या आईने हे बघितलं असतं तर विहिरीत उडी घेतली असती. भाचा म्हणत होता, मामा, तुमचा डबा मी दिला असता तर निदान घासून तरी दिला असता. हाजी गफार, शेजारचे मेमण, मध्ये पडायला गेले तर त्यांच्याच हातात कुणीतरी दोन डबे ठेवले. धीरेन पायरीवर उभा राहून, माफ करा, चूक झाली, असं म्हणत होता. ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

आणि मग जाळीचं दार उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते. पण ते दार नेहमी आतून चटणी बाहेर देण्यापुरतं उघडायचं. आज ते पूर्ण उघडलं.

मुक्ताबेन दुकानात आल्या. पांढरी साडी, मोकळं कपाळ, नवव्या दिवसाची बाई. मागून रळियातबेनने "मुक्ता" म्हणून हाक मारली, ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गर्दी चूप झाली. विधवा बाई कोपऱ्यातून उठून रस्त्याच्या तोंडाशी आलेली त्या गावाने बघितली नव्हती.

"गोरधनभाई," त्या म्हणाल्या, "भाच्याने तुमचा डबा परत केलेला नाही. माझ्या मुलाने चुकीच्या दारात ठेवलाय. त्याचा बाप गेलाय, त्याला समजून घ्या. आणा इकडे."

एकेक करून त्यांनी डबे घेतले. जाळीमागून इतकी वर्षं त्यांनी या डब्यांत चटणी भरली होती, तेव्हा पुष्कळांचे डबे त्यांना ओळखता आले. काही नाही आले. दोन तर चुकीच्याच माणसाला दिले, त्यावर नीलमबेन म्हणाली, माझं झाकण इतकं चेपलेलं नाही, बेन, ते माझ्या जावेचं, तिला झाकण लावताच येत नाही. जाऊ मागून हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल.

डबे मार्गी लागले आणि लोक निघायला लागले. तेव्हा मुक्ताबेन म्हणाल्या, "घरी कशाला नेताय? ठेवा फळीवर. उद्या भरून देते."

हाजी गफारनी आपला डबा फळीवर ठेवला आणि निघून गेले. त्यांना सुतक लागत नव्हतं. आणखी काही जणांनी ठेवले, इकडेतिकडे बघत. बरेच जण, राहू द्या बेन, तुम्हांला त्रास, असं म्हणत डबे घरी घेऊन गेले. त्रास कसला, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. रळियातबेन आवाज चढवत नाही, ती आवाज उतरवते, आणि ते जास्त वाईट असतं. ती म्हणाली, "भावाचं बारावं व्हायचंय आणि तू त्याच्या दारात कढई चढवणार. लोक म्हणतील, मुक्ताला नवरा जायचीच वाट होती."

मुक्ताबेन म्हणाल्या, "घरात मी बारावं होईतो तळणार नाही, बेन. पापडसुद्धा नाही. पण ती कढई घरची नाही. घरातल्या कुणी तिच्यातलं पोटभर खाल्लंय कधी? त्यांनी स्वतः कधी खाल्लं? ती गावाची आहे."

मी माझ्याबद्दल पहिल्यांदाच काही बरं ऐकत होते, म्हणून मला ते जास्त लक्षात राहिलं असेल.

धीरेन मध्ये पडला. "बा, चढव तू, मी मना करत नाही. पण कुणी आलंच नाही तर? सगळ्या गावासमोर तशीच बसून राहशील."

"नाही आलं तर दुकान मोबाइलवाल्याला दे," मुक्ताबेन म्हणाल्या, "आणि मला म्हणशील त्या मजल्यावर ने. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण पीठ तू मळायचंस. मला पापडखाराचा अंदाज नाही."

मग रळियातबेन म्हणाली, "मी त्या कढईला हात लावणार नाही. तिच्याकडे बघणार पण नाही." आणि थोड्या वेळाने, "पपई आणलीय का कुणी? पपईला सुतक नसतं."

दसऱ्याला दिवस उजाडायच्या आत त्यांनी मला उलटं केलं. आकाश दिसलं, चांदण्या पांगत होत्या. हाजी गफार आणि धीरेन, दोघांनी मला दुकानात नेऊन भट्टीवर ठेवलं. खालून जाळ लागला, वरून शेंगतेल पडलं. इतक्या दिवसांनी तेल पोटात गेलं तेव्हा बरं वाटलं, ते लपवून काय उपयोग. धीरेन बाह्या सारून पीठ मळत होता. सुरतेच्या हातांना आधी जमेना, मग आठवलं. रळियातबेन जाळीच्या दारात माझ्याकडे पाठ करून बसली आणि पपई किसायला लागली.

मुक्ताबेन पाटासमोर बसल्या, जिथे वजुभाई मगनला बसवायचे. फाफडा तळहाताने लोटायचा असतो. गोळी ठेवायची, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोर द्यायचा आणि एका दमात पाटाच्या टोकापर्यंत जायचं, मध्ये थांबलं की फाटतो. मग सुरीने पाटावरून सोडवून तेलात. पहिले काही फाटले. मग एक लांब गेला, जाड, जरा वाकडा. तो त्यांनी माझ्यात सोडला. तेल तापलेलं नव्हतं, तो तळाशी जाऊन बसला, तेल प्यायला. दुसऱ्या घाण्याला जमलं. फाफडा फुलून वर आला, कड वळली. दिसायला वजुभाईंच्या फाफड्यासारखा नव्हता. त्यांचा पातळ असे, उन्हात धरला तर पलीकडचा माणूस दिसायचा. हा जाड, आणि फोड आलेला.

पहिला विस्तवाला दिला. दुसरा कुत्र्याला. कुत्र्याने खाल्ला, पण कुत्र्याचं काय, त्याला सुतक कोण शिकवणार.

उजाडलं. समोरच्या दुकानात मगन जोरात होता, तिकडे रांग लागायला लागली. आमच्यासमोरही माणसं होती, पण रस्त्याच्या मध्ये, ना इकडे ना तिकडे. हातात डबे. गोरधन पटेल होते, भाचा होता, नीलमबेन आणि तिची जाऊ एका ठिकाणी उभ्या होत्या. वास त्यांच्यापर्यंत पोचत होता, ते मला नाकांवरून कळत होतं. पण पुढे पाऊल कुणी टाकेना. हाजी गफार आले आणि आपला भरलेला डबा उचलून, सलाम करून गेले. त्यांच्या मागे कुणी आलं नाही. घाणा उतरत होता आणि परातीत फाफड्यांचा ढीग वाढत होता. मुक्ताबेन वर बघत नव्हत्या. धीरेन बघत होता, आणि मला वाटतं तो तेव्हा सुरतेच्या गाडीच्या वेळा आठवत असावा.

मग पपईचा किस थांबला. रळियातबेन उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून, ती जाळीच्या दारातून दुकानात आली. माझ्याकडे बघणार नव्हती, तिने बघितलं. वजुभाईंची थोरली बहीण, सगळ्या ज्ञातीत सुतकाची सगळ्यांत कडक बाई. तिने परातीतला एक फाफडा उचलला, दोन तुकडे केले आणि रस्त्याकडे तोंड करून खाल्ला. दात थोडेच राहिलेले, त्यामुळे तिला वेळ लागला. सगळा रस्ता ती खाताना बघत उभा होता.

गिळून झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "वज्याच्या हातचे नाहीत हे."

मुक्ताबेनचा तळहात पाटावर थांबला. त्यांनी वर बघितलं, नणंदेकडे नाही, रस्त्याकडे.

"नाहीतच, बेन," त्या म्हणाल्या. "ते गेले. हे माझे आहेत." आणि मग, जरा चढ्या आवाजात, "गोरधनभाई, डबा द्या, हात रिकामा आहे तोवर."

गोरधन पटेल पुढे आले. त्यांच्या मागे भाचा आला, मामांचं नाव असलेला डबा घेऊन. मग रस्त्याच्या मध्ये कुणी उरलं नाही. धीरेनला वजन करता करता दुपार झाली, पीठ दोनदा पुन्हा मळावं लागलं. फाफडे जाड आहेत अशी तक्रार प्रत्येकाने केली आणि प्रत्येकाने नेले. रळियातबेन पायरीवर बसून, लोकांनी किती संभारो घ्यावा यावर लक्ष ठेवत होती.

याला बरीच वर्षं झाली. मोबाइलवाला पुढच्या गल्लीत आहे. रळियातबेन गेली, त्या वेळी मला कुणी पालथं घातलं नाही, कारण तसं तिनेच सांगून ठेवलं होतं. मुक्ताबेन अजून भट्टीवर बसतात. फाफडा अजून जाडच असतो. गावात आता दोन पक्ष आहेत, एक वजुभाईंचा पातळ आठवणारा आणि एक हाच बरा म्हणणारा, आणि दोन्ही सकाळी इथेच भांडायला येतात. माझं बूड पातळ झालंय. मुख्य भट्टीवर नवी कढई आली, चकचकीत, तिला अजून काही ऐकू येत नाही. मला बाजूच्या शेगडीवर मिरच्या तळायला ठेवलंय. मिरच्यांनी डोळे चुरचुरतात गिऱ्हाइकांचे, माझं काही बिघडत नाही.

वजुभाई मोठे होते का, ते मला सांगता येत नाही. एका गावाची सकाळ त्यांनी जन्मभर सांभाळली आणि एका बाईशी जन्मभर जाळीतून बोलले. माझ्या हिशेबी हे पुरेसं आहे.

तुम्हांला एक विनवणी करते. कुणाच्या सुतकाच्या घरी बसायला गेलात, चादरीवर टेकलात, आणि मध्येच तुमचं लक्ष आपल्या डब्याकडे गेलं, तर लाजू नका. पण निघताना आतल्या खोलीच्या दिशेनेही एकदा विचारा, दसऱ्याचं काय. कोपऱ्यात बसलेल्या बाईला बहुतेक वेळा तेच विचारलेलं हवं असतं.